वंडर ऑफ द सीज क्रूझ: पहिल्या दुपारी कुठे जेवायचं

आमच्या सासूबाई ७४ वर्षांच्या. सकाळी साडेसातला शुगरची गोळी, आठला नाश्ता आणि साडेबाराला ताट समोर. कराडला असोत नाहीतर इथे फ्लोरिडात टँपाला आमच्याकडे, हे वेळापत्रक हलत नाही आणि हलवून चालतही नाही. त्यांची गोळी साखर खाली ओढणारी आहे. जेवण लांबलं की हात थरथरायला लागतात. शिवाय गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे अंडंसुद्धा नाही. क्रूझ ठरवताना लोक बाल्कनी कुठल्या बाजूला, शो कुठले, हे बघतात. मी आधी बघते ती पहिल्या दिवसाची दुपार.

याला कारण आहे. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीच्या जहाजावर गेलो होतो. नाव लिहीत नाही. एक वाजता चढलो, सगळे जात होते म्हणून आम्हीही बुफेकडे गेलो. गर्दी एवढी की ट्रे हातात घेऊन आई उभ्याच. टेबल मिळेना, भाजी कुठली नि मटण कुठलं ते कळेना. भाज्यांचं सूप म्हणून वाटीत घेतलं ते चिकनच्या पाण्यातलं निघालं. आईंनी वाटी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "अगं, मला जरा बसू दे." कपाळावर घाम आला होता. शुगर बघायचं मशीन मोठ्या सुटकेसमध्ये, आणि सुटकेस जहाजाच्या पोटात कुठेतरी. कॉफीच्या काउंटरवरून साखरेच्या चार पुड्या आणल्या, पाण्यात ढवळून दिल्या. पंधरा मिनिटांत त्या सावरल्या, पण माझ्या डोळ्यांसमोरून ते जात नाही.

मी इथे एका शाळेच्या किचनमध्ये काम करते. रोज सहाशे मुलांचं जेवण, दोन तासांत. त्यामुळे रांग का तुंबते, गरम जेवण किती गरम राहायला हवं, कुठला चमचा कुठल्या भांड्यात जातोय, हे न बघता मला राहवत नाही. खाली जे लिहिलंय ते या नजरेतून वाचा.

मार्च २०२५ मध्ये मुलाला सुट्टी होती तेव्हा मायामीहून रॉयल कॅरिबियनच्या वंडर ऑफ द सीजवर चार रात्रींसाठी गेलो. २०२२ साली सुरू झालेलं जहाज. एका खोलीत दोघं असा हिशेब धरला तरी ५,७३४ प्रवासी, आणि मुलाबाळांच्या सुट्टीत त्याहून जास्तच. आता विचार करा, एवढी माणसं अकरा ते तीनच्या दरम्यान चढतात. खोल्या साधारण एकच्या सुमारास उघडतात. तोवर हातात पर्स, पाठीवर सॅक, पोटात भूक आणि जायला जागा नाही. मग जो तो सोळाव्या डेकवरच्या विंडजॅमरमध्ये, म्हणजे मोठ्या बुफेत जातो. यात त्या बुफेचा दोष नाही. आमच्या शाळेतसुद्धा तीन वर्गांची घंटा एकदम वाजली की तेच होतं.

आम्ही आदल्या रात्री मायामीत मुक्काम केला. टँपाहून सकाळी निघून वेळेत पोचणं जमतं म्हणतात, पण आईंना घेऊन मी तो धोका पत्करत नाही. कंपनीच्या ॲपमध्ये चढायची वेळ साडेअकराची घेतली होती. जितकी लवकरची मिळेल तितकी घ्या, कारण या एका गोष्टीवर पुढची दुपार अवलंबून असते. आईंनी वाटेसाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी केली होती. दोन दशम्या उरल्या होत्या, त्या डब्यात घालून जहाजावर न्यायच्या म्हणत होत्या. घरी केलेलं अन्न जहाजावर नेऊ देत नाहीत, पाकीटबंद असेल तर चालतं. म्हणून साडेदहाला हॉटेलच्या खोलीत एक त्यांनी खाल्ली, एक मी. खाकऱ्याचं न फोडलेलं पाकीट आणि राजगिऱ्याची चिक्की पर्समध्ये टाकली. गोळ्या, शुगरचं मशीन, चष्मा आणि आईंचं एक सुती पातळ माझ्या खांद्यावरच्या पिशवीत. मोठ्या बॅगा खाली हमालाकडे दिल्या की त्या खोलीच्या दाराशी यायला संध्याकाळ होते, हे आता आम्हाला पक्कं माहीत आहे.

बाराला दहा मिनिटं कमी असताना आम्ही आत होतो.

जेवणाआधी एक काम उरकून घेतलं, ते म्हणजे मस्टर. संकटात कुठे जमायचं ते ठिकाण प्रत्येकाला ठरवून दिलेलं असतं. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया आडवं झालं, ३२ माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव तोवर झालेलाच नव्हता. त्यानंतर नियम कडक झाले, सराव जहाज सुटण्याआधी किंवा सुटतानाच व्हायला हवा. पूर्वी भोंगा वाजला की सगळ्यांना एकदम उभं करायचे. आता फोनवर व्हिडिओ बघायचा, आपल्या ठिकाणी जायचं, तिथला माणूस कार्ड स्कॅन करतो आणि लाइफजॅकेट कसं घालायचं ते सांगतो. आमचं पाच-सात मिनिटांत झालं. नंतर करू म्हटलं तर लिफ्टची गर्दी आणि जेवणाची वेळ दोन्ही अंगावर येतात. म्हाताऱ्या माणसाला दोनदा खालीवर करायला लावण्यापेक्षा हे आधी संपवा.

आणि मग आम्ही बुफेला गेलोच नाही. आठव्या डेकवर गेलो, सेंट्रल पार्कमध्ये.

जहाजाच्या मधोमध, वर उघडं आकाश, दोन्ही बाजूंना खोल्यांच्या बाल्कन्या आणि मध्ये बाग. आईंनी पहिल्यांदा एका झाडाचं पान अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरलं, थोडं चोळलं, वास घेतला. मग मातीत बोट घातलं. "ओली आहे गं माती. खरी झाडं आहेत." त्यांना वाटलं होतं प्लॅस्टिकची असतील. तिथे हजारो जिवंत झाडं आहेत, त्यांची निगा राखायला माणसं आहेत. आई बाकावर टेकल्या, मी पार्क कॅफेच्या काउंटरवर गेले.

पार्क कॅफे छोटं आहे. बऱ्याच नव्या प्रवाशांना ते पहिल्या दिवशी सापडतच नाही, म्हणून दुपारी बारा वाजता माझ्यापुढे पाचच माणसं होती. सूप, सँडविच, पानिनी आणि समोर करून देतात ते सॅलड. सगळं तिकिटात धरलेलं. मी आधी विचारलं की सूप कशाच्या पाण्यात केलंय. काउंटरवरची मुलगी "थांबा, विचारून येते" म्हणून आत गेली आणि येऊन सांगितलं, दोनांपैकी टोमॅटोचं पूर्ण शाकाहारी आहे, दुसऱ्यात चिकनचा स्टॉक आहे. अंदाजाने "हो हो, व्हेज" म्हणणारे खूप भेटतात. आत जाऊन विचारणाऱ्या माणसाला माझ्याकडून पूर्ण गुण.

सॅलडवाल्याला सांगितलं, सासूबाई मांसमच्छी, अंडं काही खात नाहीत, हातमोजे बदलाल का. त्याने काही न बोलता जुने काढून टाकले, नवे घातले, भांडं नवं घेतलं, चिमटासुद्धा बदलला. चिमट्याचं मी सांगितलं नव्हतं. कोबी, काकडी, काबुली चणे, टोमॅटो, वर लिंबू नि ऑलिव्हचं तेल. चणे मुद्दाम दुप्पट घालून घेतले, कारण नुसत्या पाल्याने शुगर सांभाळली जात नाही. सोबत ब्रेडचा एक रोल. बारा वाजून वीस मिनिटांनी आईंच्या हातात चमचा होता. साडेबारा व्हायला दहा मिनिटं बाकी. त्या क्षणी मला जे बरं वाटलं ते सांगता येणार नाही.

या कॅफेची खरी ख्याती मात्र आमच्या उपयोगाची नाही. इथलं बीफचं सँडविच नेहमी क्रूझ करणाऱ्या लोकांत फार नावाजलेलं आहे. मूळचं ते न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहराकडचं. पावावर जाडं मीठ आणि शहाजिऱ्यासारखं दिसणारं कॅरवेचं बी, आत अगदी पातळ कापलेलं मांस. आमच्यात ते चालत नाही, पण ज्यांना चालतं त्यांनी पहिल्या दिवशी इथूनच सुरुवात करावी, कारण शेजारच्या बाकावरचे आजोबा ते इतक्या समाधानानं खात होते की माझा मुलगाही बघत राहिला. नवऱ्याने चिकनचं गरम सँडविच घेतलं. त्याचं मत, पाव बाहेरून कडक, आतून मऊ, पुन्हा घेईन. मी आईंच्याच सॅलडमधलं थोडं खाल्लं आणि तांदळाच्या लाह्यांची चौकोनी वडी चाखली. आपल्या चुरमुऱ्याच्या लाडवाची आठवण करून देणारी, पण गुळाच्या जागी मार्शमेलो. मार्शमेलोत बहुतेक वेळा जिलेटीन असतं, ते प्राण्यापासून काढतात. म्हणून आईंना दिली नाही. माळकरी आणि जैन घरातल्यांनी हे लक्षात ठेवा. वडी दिसायला अगदी निरुपद्रवी असते.

मुलगा अकरा वर्षांचा. त्याला बागेत बसून सूप पिण्यात रस नव्हता. त्याच्याबरोबर बाबा पाचव्या डेकवर, रॉयल प्रोमेनाडवर, सोरेंटोजमध्ये पिझ्झा खायला गेला. तोही फुकट, म्हणजे तिकिटातच. चीजचा तुकडा हातात घेऊन चालता चालता खायचा, मुलांना हेच हवं असतं. शेजारी कॅफे प्रोमेनाड आहे, तिथे छोटी सँडविच, कुकी आणि कॉफी. ज्यांना फक्त घटकाभर टेकायचंय त्यांच्यासाठी ते बरं. वरच्या डेकवर एल लोको फ्रेश नावाचं मेक्सिकन काउंटर आहे. पुढच्या दिवशी तिथे चीजची केसाडिया आणि बाजूला ठेवलेल्या साल्सा, हालापेन्यो मिरच्या असं मी स्वतः खाल्लं. पहिल्या दिवशी तिथे गेलो नाही, उन्हात उभं राहायचं नव्हतं. ज्यांच्या घरात तिखटाशिवाय घास उतरत नाही त्यांनी मात्र थेट तिकडेच जावं.

जॉनी रॉकेट्स, प्लेमेकर्स, मेसन जार ही नावं दारावर छान दिसतात, पण तिथे दुपारच्या जेवणाचे पैसे वेगळे पडतात आणि वर १८ टक्के सेवाशुल्क लागतं. जायचं तर दर आधी ॲपमध्ये बघून जा. पाणी, लिंबूपाणी, आइस टी, साधी कॉफी याला पैसे नाहीत, कोकसारख्या पेयांना आहेत. काही कंपन्या पहिल्या दुपारी मुख्य डायनिंग रूमही उघडतात, टेबलावर बसवून वाढतात. घरात वडीलधारी असतील तर आपल्या जहाजावर ती सोय आहे का, हे बुकिंग करतानाच विचारून ठेवा.

आता विंडजॅमरबद्दल, कारण एवढं सगळं सांगूनही आईंचं खरं जेवण तिथेच झालं.

सव्वादोन वाजता वर गेलो. दारात हात धुवायची बेसिनं ओळीनं लावलेली, आणि एक तरुण "वॉशी वॉशी" असं गात सगळ्यांना तिकडे वळवत होता. नुसतं जंतुनाशक चोळून काही पोटाच्या रोगांचे विषाणू जात नाहीत, साबण-पाणीच लागतं. आमच्या किचनमध्ये हे रोज मुलांच्या कानीकपाळी ओरडावं लागतं, इथे तो मुलगा गाणं म्हणून करून घेत होता. आईंनीसुद्धा कोपरापर्यंत हात धुतले.

आत निम्मी टेबलं रिकामी. दोन तासांपूर्वी आलेली सगळी गर्दी खोल्या उघडल्यावर पांगली होती. खिडकीशी बसलो, बाहेर मायामीच्या उंच इमारती आणि पाण्यापलीकडचा रस्ता. मी एक फेरी मारली, काहीही न घेता. ही सवय लावून घ्या. आधी फक्त फिरायचं, कुठे काय आहे ते बघायचं, मग ताट उचलायचं. रॉयल कॅरिबियनच्या बुफेत भारतीय पदार्थांचा एक कोपरा असतो, तो सापडला. डाळ, साधा भात, मिक्स भाजी, नान, पापड, रायतं, लोणचं. भांडी मुद्दाम लहान ठेवलेली. मोठं पातेलं भरून ठेवलं की वरचं गार आणि तळाचं करपलेलं असतं, लहान भांडं संपतं आणि ताजं येतं. एक जण थर्मामीटर घालून डाळीचं तापमान बघत होता. आमच्याकडे फ्लोरिडात गरम अन्न १३५ फॅरनहाइटच्या खाली जाऊ द्यायचं नाही, थंड ४१ च्या वर नाही. तो आकडा बघून त्याने मान डोलावली तेव्हा मी निर्धास्त झाले.

डाळ पिवळी, जिऱ्याची फोडणी. जिरं तेलात नीट तडतडलेलं होतं, कच्चं वरून टाकलेलं नव्हतं. तिखट अगदी बेताचं. सगळ्या जगाच्या जिभांसाठी शिजवायचं म्हणजे तसंच करावं लागणार. भात मोकळा. नान दोनच्या पुढे जरा वातड होतो, तो टाळा, पापड घ्या. भाजीत गाजर, फरसबी, फ्लॉवर आणि थोडं नारळाचं दूध. मला आवडली, नवऱ्याने दोनदा घेतली.

मी आईंसाठी ताट वाढायला उठणार तेवढ्यात टेबल पुसणारा मुलगा आईंच्या गळ्यातली माळ बघून थांबला. "आजी, तुमी खंयच्या?" त्याने विचारलं. आई चमकल्याच. तो सावंतवाडीचा निघाला. कोकणातली, गोव्यातली कितीतरी मुलं वर्षानुवर्षं जहाजांवर काम करतायत, तरी अटलांटिकच्या काठावर मालवणी कानावर पडेल असं आम्हाला वाटलं नव्हतं. आईंनी कराड सांगितलं, त्याने विचारलं प्रीतिसंगमाजवळ का, आई हसल्या. मग म्हणाला, "तुमी बसा हयसर, मी हाडतंय." गेला आणि भात, डाळ, भाजी, पापड, लिंबाची फोड असं ताट घेऊन आला. नुसता वाढलेला ढीग नव्हता. भात मधे, लिंबू डाव्या बाजूला, भाजी उजवीकडे, जशी आपल्याकडे पद्धत आहे तशी. आईंनी ताटाकडे पाहिलं, हात जोडले, आणि मग पहिला घास घेतला. जेवताना त्या फारसं बोलत नाहीत. त्या दिवशी मध्येच थांबून म्हणाल्या, "याच्या आईला कळलं पाहिजे, पोरगं कसं वाढतंय ते."

जाताना त्याने एक काम सांगितलं. रात्री डायनिंग रूममध्ये हेड वेटरला आजच गाठा, भारतीय शाकाहारी जेवण रोज हवंय म्हणून सांगा, म्हणजे ते पुढच्या दिवसांसाठी किचनला कळवतात. शेवटच्या दिवशी आठवलं तर उपयोग नाही. आम्ही त्याच रात्री सांगितलं, आणि पुढच्या तिन्ही रात्री आईंना वेगळी भाजी मिळाली.

तीनला खोलीत गेलो. बॅगा अर्थातच आल्या नव्हत्या, पण पिशवीत पातळ होतं, मशीन होतं. शुगर बघितली, जिथे असायला हवी तिथे होती. जहाज सुटताना आम्ही बाल्कनीत होतो आणि आई पंख्याखाली असल्यासारख्या वाऱ्याला तोंड करून बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई बुफेत सरळ त्या मुलाच्या टेबलांकडे गेल्या. त्याने ताट आणलं. लिंबाच्या फोडीशेजारी, कुणी मागितल्या नव्हत्या तरी, मीठ लावलेल्या दोन हिरव्या मिरच्या होत्या.